विल्बर राइट

राइटांच्या घरी एखादी वस्तू मोडली, तर मुले ती घेऊन वडिलांकडे जात नसत, आईकडे जात. वडील मिल्टन राइट हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ग्रंथांत त्यांचे मन रमे. परंतु भिंतीत साधा खिळा ठोकणेही त्यांना नीट जमत नसे. आई सुसान हिची गोष्ट निराळी होती. तिचे वडील गाड्या बनविणारे कारागीर होते. त्यांच्या कारखान्यात वावरताना हत्यार कसे धरावे, लाकूड कसे तासावे, दोन तुकडे कसे सांधावेत, हे तिने लहानपणीच पाहून पाहून आत्मसात केले होते. संसारात पडल्यावरही तिचे हे कसब नाहीसे झाले नाही. घरकामाला उपयोगी पडणारी लहानसहान साधने ती स्वतः तयार करी. एकदा तर मुलांसाठी तिने बर्फावरून घसरत जाणारी गाडीही आपल्या हातांनी बनविली. वडिलांचे ग्रंथप्रेम आणि आईचे हस्तकौशल्य या दोहोंचा वारसा त्यांच्या एका मुलाने चालविला, आणि त्या वारशाच्या बळावर माणसाला आकाशाची वाट मोकळी करून दिली. तो मुलगा म्हणजे विल्बर राइट.

विल्बरचा जन्म १६ एप्रिल १८६७ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिलव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. त्याला दोन थोरले भाऊ होते. ऑर्व्हिल हा धाकटा भाऊ त्याच्याहून चार वर्षांनी लहान, आणि कॅथरिन ही सर्वांत धाकटी बहीण. वडिलांना धर्मकार्यानिमित्त गावोगाव फिरावे लागे, त्यामुळे कुटुंबाचे बिऱ्हाड अनेक वेळा हलले. शेवटी ओहायो राज्यातील डेटन हे शहरच त्यांचे कायमचे गाव ठरले.

१८७८ साली विल्बर अकरा वर्षांचा आणि ऑर्व्हिल सात वर्षांचा असताना एक लहानशी घटना घडली. वडील प्रवासाहून परत आले, ते हातात काही तरी लपवूनच. मुले जवळ येताच त्यांनी ती वस्तू हवेत सोडली. मुलांना वाटले, ती खाली पडेल. परंतु ती फडफडत थेट छतापर्यंत गेली, क्षणभर तेथे भिरभिरली आणि मग हळूच जमिनीवर उतरली. ते एक खेळणे होते. बूच, बांबूच्या काड्या व कागद यांचे ते बनविलेले होते, आणि त्याचे दोन पंखे पीळ दिलेल्या रबराच्या जोराने फिरत. फ्रान्समधील आल्फॉन्स पेनो नावाच्या तरुणाने अशी खेळणी प्रथम तयार केली होती.

नाजूक खेळणे ते. मुलांच्या हातात फार दिवस टिकले नाही. परंतु ते मोडल्यावर रडत न बसता दोघा भावांनी तसेच दुसरे तयार केले. ते उडाले. मग तिसरे केले, चौथे केले. पुढे त्यांना वाटले, की खेळणे जितके मोठे, तितके ते अधिक उंच जाईल. म्हणून त्यांनी आकार वाढविला. पण झाले उलटेच. खेळणे जो जो मोठे होई, तो तो ते उडण्यास नाखूष होई. फार मोठे केलेले तर जागचे हललेच नाही. असे का व्हावे, हे त्यांना त्या वयात कळले नाही.

त्याचे कारण पुढे त्यांना उमगले. लाकडाचा एक घन ठोकळा घ्यावा. त्याच्या दुप्पट लांबीचा, दुप्पट रुंदीचा व दुप्पट उंचीचा ठोकळा करावयाचा, तर तसले दोन नव्हे, चार नव्हे, आठ ठोकळे एकत्र रचावे लागतात. म्हणजे लांबी दुप्पट झाली, की वजन आठपट होते; परंतु पृष्ठभाग मात्र चौपटच वाढतो. जे लहान आकारात उडते, ते मोठ्या आकारात उडेलच असे नाही. नुसता आकार वाढवून काम भागत नाही, हा धडा त्या खेळण्याने त्यांना दिला.

विल्बर शाळेत हुशार विद्यार्थी होता. खेळातही तो मागे नसे. येल येथील नामांकित विद्यापीठात त्याने पुढील शिक्षण घ्यावे, असे घरात घाटत होते. परंतु १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना दुसऱ्या खेळाडूच्या हातातील काठी त्याच्या तोंडावर जोराने बसली. त्याचे पुढचे दात पडले. जखम भरली, पण प्रकृती ढासळली. छातीत धडधड होऊ लागली, अन्न पचेनासे झाले, मन उदास झाले. विद्यापीठात जाण्याचा विचार मागे पडला तो कायमचाच. याच सुमारास आईला क्षयाने ग्रासले. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. विल्बर आईच्या सेवेला लागला. तो तिला रोज सकाळी उचलून जिन्यावरून खाली आणी आणि रात्री पुन्हा वर नेऊन निजवी. आई झोपली, म्हणजे वडिलांच्या संग्रहातील ग्रंथ काढून वाचीत बसे. सुमारे तीन वर्षे त्याचा हा क्रम चालला. १८८९ च्या जुलैमध्ये आईने जगाचा निरोप घेतला. या वर्षांत कोणतीही पदवी विल्बरच्या पदरात पडली नाही. पण वाचलेल्या गोष्टीवर शांतपणे विचार करण्याची सवय त्याच्या अंगी कायमची बाणली.

इकडे ऑर्व्हिलला छपाईचा नाद लागला होता. यंत्र विकत घेण्यास पैसे नव्हते, तेव्हा ते स्वतःच बनवावयाचे असे दोघांनी ठरविले. थडग्यावर बसवावयाची एक टाकाऊ शिळा, मोडक्या घोडागाडीच्या छताचे सांधे आणि इकडून तिकडून गोळा केलेले लाकडाचे व लोखंडाचे तुकडे, एवढ्या सामग्रीतून त्यांनी मुद्रणयंत्र उभे केले. ते दिसावयास ओबडधोबड होते. परंतु त्यावर झरझर छपाई होई. १८८९ साली या बंधूंनी डेटनमध्ये स्वतःचे एक छोटेसे वृत्तपत्रही सुरू केले.

त्या दिवसांत अमेरिकेत सायकलचे वेड सर्वत्र पसरले होते. १८९२ साली राइट बंधूंनी सायकलींच्या विक्रीचे व दुरुस्तीचे दुकान काढले, आणि १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बनवू लागले. या धंद्याने त्यांना पोटापुरते उत्पन्न दिले. पण त्याहूनही मोलाची गोष्ट दिली. हलके असूनही बळकट असे सांगाडे कसे करावेत, साखळी व चाके यांच्या साहाय्याने शक्ती एका जागेहून दुसऱ्या जागी कशी न्यावी, हे ते शिकले. शिवाय सायकल कधीही आपोआप उभी राहत नाही. तिच्यावर बसणाऱ्यालाच क्षणोक्षणी तोल सांभाळावा लागतो, हे तर ते रोजच पाहत होते.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील ऑटो लिलिएनथाल हा धाडसी अभियंता मरण पावला. इंजिनाशिवाय हवेत तरंगणाऱ्या विमानाला ग्लायडर म्हणतात. अशा ग्लायडरांतून त्याने टेकडीवरून कित्येक उड्डाणे केली होती. एका उड्डाणात वाऱ्याच्या झोताने त्याचा तोल गेला आणि तो खाली कोसळला. ही बातमी वाचून विल्बरच्या मनात बालपणीचे कुतूहल पुन्हा जागे झाले. डेटनच्या ग्रंथालयात मिळाले तेवढे सर्व त्याने वाचून काढले. ३० मे १८९९ रोजी त्याने वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले, आणि उड्डाणाविषयी आजवर प्रसिद्ध झालेले लेख व पुस्तकांची नावे कळविण्याची विनंती केली. संस्थेने काही पुस्तिका व ग्रंथांची यादी धाडली.

ते सारे वाचल्यावर विल्बरला एक गोष्ट दिसली. बहुतेक संशोधक पंख कसे करावेत आणि इंजिन किती जोरदार असावे, याचाच विचार करीत होते. हवेत गेल्यावर यंत्राचा तोल कसा राखावा, याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले होते. लिलिएनथालचे पंख चांगले होते. पण तोल सांभाळण्यासाठी त्याला आपले शरीरच इकडून तिकडे झुलवावे लागे, आणि तेथेच त्याचा घात झाला. विल्बर पक्ष्यांचे निरीक्षण करू लागला. वाऱ्याने पक्षी एका अंगावर कलंडला, की तो पंखांची टोके किंचित पिळतो; एका पंखाचे टोक वर तर दुसऱ्याचे खाली, आणि लगेच सरळ होतो. पक्ष्याला हे साधते. परंतु लाकडाचे व कापडाचे पंख न मोडता पिळावेत कसे?

या प्रश्नाचे उत्तर एका रिकाम्या पेटीने दिले. १८९९ च्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक सायकलची ट्यूब घेण्यासाठी दुकानात आले. ट्यूब ज्या लांबट पुठ्ठ्याच्या पेटीत होती, ती पेटी विल्बरच्या हातात राहिली. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तो ती सहज चाळवीत होता. पेटीची दोन्ही टोके त्याने विरुद्ध दिशांना पिळली आणि एकदम त्याचे लक्ष तिकडे गेले. पेटीचे वरचे व खालचे पृष्ठ एका टोकाशी एका बाजूला, तर दुसऱ्या टोकाशी दुसऱ्या बाजूला कलले होते. तरीही पेटी मोडली नव्हती, तिचा ताठपणा गेला नव्हता. वरचे पृष्ठ हा एक पंख आणि खालचे पृष्ठ हा दुसरा पंख मानला, तर हवा होता तो पीळ हाच!

कल्पना मनात येणे निराळे आणि ती पारखून पाहणे निराळे. विल्बरने लाकडाच्या पट्ट्या व कापड घेऊन पाच फूट रुंदीचा, एकावर एक दोन पंख असलेला पतंग तयार केला. त्याला चार दोऱ्या बांधल्या आणि त्या दोन काठ्यांच्या टोकांना जोडल्या. दोन हातांत दोन काठ्या धरून त्या विरुद्ध दिशांना कलविल्या, की पतंगाचे पंख पिळले जात. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत त्याने तो उडविला, तेव्हा भोवती फक्त काही शाळकरी मुले होती. पतंग त्याच्या हाताच्या हालचालीप्रमाणे डावीकडे व उजवीकडे कलला. एकदा तर तो एवढ्या वेगाने खाली झेपावला, की मुलांनी घाबरून जमिनीवर लोळण घेतली. विल्बरला मात्र हवे ते उत्तर मिळाले होते.

आता माणूस वाहून नेणारे ग्लायडर करावयाचे होते. त्यासाठी एकसारखा वारा, पडल्यास लागू नये अशी मऊ वाळू आणि झाडे नसलेली मोकळी जागा हवी होती. हवामानखात्याच्या नोंदी पाहून विल्बरने नॉर्थ कॅरोलायना राज्यातील समुद्रकाठची किटी हॉक ही वस्ती निवडली. १९०० च्या सप्टेंबरमध्ये तो तेथे पोहोचला. एका गृहस्थाच्या घरी तो उतरला होता. तेथील शिवणयंत्रावर बसून त्याने स्वतः पंखांचे कापड शिवले. त्या वर्षीचे प्रयोग आशादायक ठरले. परत जाताना ग्लायडर तेथेच टाकून दिले, तेव्हा त्या घरच्या गृहिणीने पंखांचे ते गुळगुळीत कापड काढून आपल्या मुलींना झगे शिवले!

१९०१ साली दोघे बंधू अधिक मोठे ग्लायडर घेऊन पुन्हा तेथे गेले. लिलिएनथालने तयार केलेले आकड्यांचे तक्ते समोर ठेवून त्यांनी ते बनविले होते. परंतु अनुभव फार कटू आला. गणिताने जितका उचलण्याचा जोर मिळावयास हवा होता, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच तो मिळाला. वळताना यंत्र मनाविरुद्ध वागे. त्यातच पावसाने झोडपले आणि डासांनी हैराण केले. परतीच्या प्रवासात विल्बर अगदी खचून गेला होता. माणूस आणखी पन्नास वर्षे तरी उडू शकणार नाही, असे तो ऑर्व्हिलला म्हणाला.

येथेच त्याने हा नाद सोडला असता, तर त्याचे नाव आज कोणाला ठाऊक झाले नसते. घरी आल्यावर मन शांत झाले, आणि एक शंका त्याला बोचू लागली. आपले यंत्र चुकले, की ज्या आकड्यांवर आपण विसंबलो ते आकडे चुकले? आकडे मोठ्या माणसांनी दिलेले होते, ग्रंथांत छापलेले होते. ते खोटे म्हणावयाचे, तर स्वतः मोजून पाहिल्यावाचून म्हणता येणार नव्हते. आणि मोजावयाचे तर साधन कोठे होते?

बंधूंनी हाताशी असलेल्या वस्तू घेतल्या. प्रथम त्यांनी सायकलच्या पुढच्या भागावर एक मोकळे चाक आडवे बसविले. त्याच्या कडेला एका जागी छोटा वाकडा पंख व दुसऱ्या जागी सपाट पट्टी लावली. सायकल वेगाने पळविली, की समोरून वारा येई, आणि दोहोंपैकी ज्याचा जोर अधिक त्याच्याकडे चाक वळे. तक्ते शंकास्पद आहेत, हे या प्रयोगाने दिसले. पण रस्त्यावरचा वारा सारखा बदलत असे. म्हणून वाराच खोक्यात कोंडावयाचे त्यांनी ठरविले. कपड्यांना घालावयाच्या खळीचे एक रिकामे लाकडी खोके घेऊन त्यांनी त्याची दोन्ही तोंडे उघडी केली आणि एका बाजूने पंख्याचा वारा सोडला. ही युक्ती साधते असे दिसताच सहा फूट लांबीचे पक्के लाकडी खोके तयार केले. आत पाहता यावे म्हणून वर काच बसविली. अशा साधनाला आज वातविवर म्हणतात.

खोक्यात ठेवावयाचे तराजू तर पाहण्यासारखे होते. करवतीची जुनी पाती आणि सायकलच्या चाकाच्या तारा वाकवून ते बनविलेले होते. कोणी अनोळखी मनुष्य आत आला असता, तर कचरा समजून त्याने ते बाहेर फेकले असते. परंतु त्यांच्या साहाय्याने पंखाला वर उचलणारा जोर आणि त्याला मागे ओढणारा जोर बारकाईने मोजता येत असे. पंख म्हणजे बोटभर लांबीचे पत्र्याचे तुकडे. कोणी लांबट, कोणी आखूड; कोणी अधिक बाकदार, कोणी जवळजवळ सपाट. १९०१ च्या अखेरच्या तीन महिन्यांत बंधूंनी असे सुमारे दोनशे पंख वाऱ्यात ठेवून पाहिले. निवडक पंखांची तर अंशाअंशाने कल बदलीत पुन्हा पुन्हा मोजणी केली. सर्व आकडे वहीत टिपले. तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. आखूड व रुंद पंखापेक्षा लांब व अरुंद पंख अधिक चांगला. आणि हवेच्या दाबाचा जो आकडा शंभराहून अधिक वर्षे सर्वजण बिनदिक्कत वापरीत आले होते, तो वाजवीपेक्षा फार मोठा होता. लिलिएनथालचे पुष्कळसे परिश्रम खरे होते, हेही त्यांना दिसले, आणि त्याला दोष देण्याची घाई आपण केली नाही याचे समाधान वाटले.

या आकड्यांवरून बनविलेले १९०२ चे ग्लायडर त्यांच्या हुकमतीत राहिले. मागे फिरते सुकाणू बसविण्याची सूचना ऑर्व्हिलची; ते पंखांच्या पिळाशी जोडण्याची कल्पना विल्बरची. एका शरद ऋतूत त्यांनी शेकडो उड्डाणे केली. आता राहिले होते इंजिन आणि पंखे. पुरेसे हलके इंजिन कोणताही कारखाना देईना, तेव्हा दुकानातील कुशल कारागीर चार्ली टेलर याने सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचे इंजिन घडविले. पंख्यांविषयी मात्र कोठेच माहिती मिळेना. त्यावरून दोघा भावांत तासन्‌तास वाद होत. वादाच्या शेवटी कित्येकदा असे होई, की विल्बरला ऑर्व्हिलचे म्हणणे पटलेले असे आणि ऑर्व्हिलला विल्बरचे. मग वाद नव्याने सुरू होई! जिंकण्यासाठी नव्हे, तर खरे काय ते शोधण्यासाठी वाद घालावा, हे त्या दोघांना उमगले होते. शेवटी पंखा म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच होय, असे मानून त्यांनी तो कोरून काढला.

त्याच वर्षी स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख व थोर शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ले हेही विमान बनवीत होते. सरकारने त्यांना पन्नास हजार डॉलर दिले होते. १८९६ साली त्यांनी माणसाविना उडणारे वाफेचे छोटे विमान यशस्वी करून दाखविले होते. परंतु माणसासह उडावयाचे मोठे विमान १९०३ च्या ऑक्टोबरात व डिसेंबरात दोन्ही वेळा नदीत कोसळले. राइट बंधूंचा सारा खर्च एक हजार डॉलरांपेक्षाही कमी होता, आणि तो त्यांनी सायकलींच्या धंद्यातून स्वतः उभा केला होता.

१४ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ विमान सज्ज झाले. प्रथम कोणी बसावे, यासाठी नाणे उडविले. कौल विल्बरचा लागला. पण त्याने विमानाचे नाक एकदम फार वर उचलले. साडेतीन सेकंदांत ते वाळूवर येऊन आदळले व त्याचा काही भाग मोडला. दोष माझाच, यंत्राचा नव्हे, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. दुरुस्तीनंतर १७ डिसेंबरला पाळी ऑर्व्हिलची होती. हाडे गोठविणारा वारा सुटला होता. पाच माणसे पाहावयास आली होती. विमान रुळावरून निघाले. विल्बर पंखाचे टोक सावरीत शेजारून धावत होता. तेवढ्यात त्याच्या हातातून पंख सुटला आणि विमान वर उचलले गेले. बारा सेकंदांत १२० फूट अंतर तोडून ते खाली उतरले. स्वतःच्या शक्तीने उड्डाण करून, माणसाच्या ताब्यात राहून सुखरूप उतरलेले ते पहिले विमान होय. त्या दिवशी चार उड्डाणे झाली. शेवटचे विल्बरचे, ते ५९ सेकंद टिकले आणि ८५२ फूट लांब गेले. त्यानंतर वाऱ्याच्या झोताने उभे विमान उलथून मोडले. पण त्याचे काम झाले होते. पन्नास वर्षांचे भाकीत विल्बरने स्वतःच सव्वादोन वर्षांत खोटे ठरविले.

जगाने मात्र लवकर विश्वास ठेवला नाही. डेटनजवळच्या एका कुरणात बंधूंनी दोन वर्षे विमान सुधारले. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बरने ३९ मिनिटांत २४ मैलांचे उड्डाण केले, तरी कित्येकांना त्यात फसवेगिरीच दिसे. अखेर ८ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समधील ल मान्स येथे जमलेल्या लोकांसमोर विल्बरने विमान उडविले. ते उड्डाण दोन मिनिटेही टिकले नाही. परंतु ज्या सहजतेने विमान वळले, ती पाहून टीकाकारांनीच टाळ्यांचा गजर केला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी तो दोन तास वीस मिनिटे हवेत राहिला. राजे व सरदार त्याला पाहावयास येऊ लागले. पण तो विमानाशेजारच्या छपरीतच झोपे आणि आपले जेवण आपणच शिजवी. १९०९ साली न्यूयॉर्कच्या बंदरावरून उडताना विमान पाण्यात पडले तर तरंगावे, म्हणून त्याने बाजारातून एक साधी होडी विकत आणली आणि ती विमानाच्या पोटाशी बांधली. कीर्ती मिळाली तरी हाताशी असेल त्या वस्तूने अडचण निवारण्याची त्याची रीत बदलली नव्हती.

शेवटची वर्षे मात्र त्याला सुखाची गेली नाहीत. शोधाच्या हक्कासाठी न्यायालयात खटले लढविण्यात त्याचा वेळ व शक्ती खर्च झाली. नवे काही करावयास सवड उरली नाही, याची खंत त्याला लागून राहिली. १९१२ च्या मे महिन्यात त्याला विषमज्वर झाला आणि ३० मे रोजी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी डेटन येथे त्याचा अंत झाला. स्मिथसोनियन संस्थेला त्याने ते पत्र लिहिले, त्याला त्या दिवशी बरोबर तेरा वर्षे झाली होती.

१९०३ च्या त्या विमानाच्या पंखांचे कापड पुढे जपून ठेवण्यात आले. त्याचा एक लहानसा तुकडा मानव चंद्रावर प्रथम उतरला तेव्हा, १९६९ साली, चंद्रापर्यंत जाऊन आला. दुसरा, टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा, मंगळावर पाठविलेल्या यंत्राला बांधलेला होता. १९ एप्रिल २०२१ रोजी ते यंत्र मंगळाच्या विरळ हवेत उडाले. पृथ्वीखेरीज अन्य ग्रहावर इंजिनाच्या जोरावर यंत्राने केलेले ते पहिले उड्डाण. त्या छोट्या यंत्राला एकावर एक असे दोन पंखे होते, आणि ते परस्परांच्या उलट दिशांना फिरत होते. अकरा वर्षांच्या विल्बरच्या घरी बूच, बांबू व कागद यांचे जे खेळणे छतापर्यंत उडाले होते, त्याचीही ठेवण अशीच होती.

स्वाध्याय

१. मोठ्या आकाराचे खेळणे का उडेना? ठोकळ्यांचे उदाहरण देऊन समजावून सांगा.

२. विल्बरला उड्डाणाच्या प्रश्नात इतरांहून निराळे काय दिसले?

३. ‘आपले यंत्र चुकले, की आकडे चुकले?’ ही शंका आल्यावर बंधूंनी काय केले?

४. राइट बंधूंनी कोणकोणत्या टाकाऊ वस्तूंपासून कोणकोणती साधने बनविली, त्यांची यादी करा.

५. करून पाहा : दोन्ही टोके उघडी असलेली लांबट पुठ्ठ्याची पेटी घ्या. तिची टोके विरुद्ध दिशांना हलकेच पिळा. वरचे व खालचे पृष्ठ कसे कलते, ते पाहून चित्र काढा.

६. करून पाहा : एकाच मापाच्या कागदाचे तीन बाण निरनिराळ्या रुंदीचे पंख ठेवून करा. प्रत्येक बाण दहा वेळा फेका, अंतरे मोजून वहीत लिहा आणि मगच कोणता चांगला ते ठरवा.